काळ्या कातळाचा वाचक : स्टीफन हिस्लॉप

बूढापाऱ्यातील जुन्या मराठी घरांत आजही एखादा काळा पाटा-वरवंटा स्वयंपाकघराच्या भिंतीशी टेकून उभा असलेला दिसतो. मिक्सर आला तेव्हापासून त्याचे काम संपले. पण तो टाकून देण्याचे कोणाच्या मनात येत नाही. आमच्याही घरी असा एक आहे. माझ्या आजीने लग्नानंतर विदर्भातून येताना तो सामानाबरोबर आगगाडीतून आणला होता. लहानपणी मला प्रश्न पडे की, दगडासारखी जड वस्तू इतक्या दुरून कशासाठी आणायची? इकडे काय दगड मिळत नव्हते? दगड होते, पण ते निराळे होते. रायपूरचा दगड चुनखडीचा. त्याची फरशी उत्तम होते, आज त्याचे सिमेंट होते. परंतु त्यावर मिरची वाटली तर चटणीत चुना उतरायचा. वाटायला हवा तो काळा कातळ, आणि तो आपल्या मूळ गावाकडचा.

या काळ्या कातळाची कहाणी मुळातून वाचण्याचा ज्यांनी प्रयत्न केला, त्यांपैकी एका पुरुषाचे चरित्र मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे. त्यांचे नाव स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयामुळे हे नाव आपल्या कानावरून गेलेले असते. परंतु त्या नावामागचा मनुष्य कोण होता, हे त्या महाविद्यालयावरून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते. केंद्र सरकारच्या नोकरीत काही वर्षे नागपुरास होतो, तेव्हा मलाही ते ठाऊक नव्हते. मी कला शाखेचा पदवीधर. भूशास्त्राचा माझा परिचय केवळ हौसेचा. तेव्हा जाणकारांनी उणे-अधिक पदरात घ्यावे.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडच्या बेरिकशर परगण्यातील डन्स या लहानशा गावी झाला. वडील दगडी बांधकामाचा व्यवसाय करीत. थोरला भाऊ रॉबर्ट याच्यासह किडे, वनस्पती आणि दगड गोळा करण्याचा छंद स्टीफनला बालवयातच जडला. पुढे एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत शिक्षण झाले आणि धर्मोपदेशक होण्याचे त्यांनी ठरविले. त्याच सुमारास, १८४३ साली, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये मोठी फूट पडली. चर्चच्या कारभारात सरकार आणि जमीनदार यांचा हात असू नये, या तत्त्वासाठी शेकडो धर्मोपदेशकांनी आपली वेतने व घरे सोडली आणि स्वतंत्र चर्च स्थापिले. हिस्लॉप त्या नव्या चर्चमध्ये गेले. तत्त्वासाठी पोटापाण्यावर पाणी सोडणाऱ्या माणसांमध्ये त्यांची जडणघडण झाली, ही गोष्ट पुढील चरित्र समजून घेताना ध्यानात ठेवावी लागते.

नागपूरजवळच्या कामठी छावणीत त्या काळी मद्रास सैन्याचा तळ होता. तेथील एका इंग्रज अधिकाऱ्याने पत्नीच्या निधनानंतर आपल्या जवळची बरीचशी रक्कम या भागात मिशन सुरू करण्यासाठी देऊ केली. त्या कामासाठी हिस्लॉप यांची निवड झाली. १८४४ साली त्यांचा विवाह इरॅस्मा हल यांच्याशी झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हे नवपरिणित दांपत्य मुंबईस उतरले. मराठी भाषेचे पहिले धडे घेऊन १८४५ च्या प्रारंभी ती दोघे नागपुरास पोहोचली. तेव्हा हिस्लॉप यांचे वय सत्तावीस होते.

त्या वेळचे नागपूर हे भोसल्यांचे राज्य होते. तिसरे रघूजी गादीवर होते आणि इंग्रजांचा रेसिडेंट सीताबर्डीस राहत असे. आपला छत्तीसगडही याच राज्याचा भाग होता. रायपूरचे सुभेदार आणि त्यांचे कारकून नागपूरच्या हुकमाने चालत. आपल्यापैकी ज्या घराण्यांची येथील वस्ती सर्वांत जुनी आहे, त्यांचे पूर्वज याच राज्याच्या चाकरीत इकडे आले. म्हणजे हिस्लॉप ज्या राज्यात येऊन राहिले, त्याच राज्याच्या पूर्वेकडच्या टोकाला आपले लोक परगावी म्हणून नांदत होते.

१८४६ साली हिस्लॉप यांनी नागपुरात शाळा काढली. पुढील वर्षी रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले. शाळेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा शिकविल्या जात. मुले शाळेत येत, परंतु मिशनचा मूळ हेतू धर्मांतर हा होता आणि तो काही लपलेला नव्हता. १८४८ साली एका ब्राह्मण विद्यार्थ्याने ख्रिस्ती होण्याची इच्छा दाखविली, तेव्हा मोठे प्रकरण झाले. राजाने मुलाची मागणी केली आणि रेसिडेंटने तहाचा आधार देऊन त्याला दरबारच्या स्वाधीन केले. हिस्लॉप यांनी त्याच्या सुटकेसाठी निकराने खटपट केली. या प्रसंगी मुलाच्या घरच्यांचे दुःख आणि गुरूचा आग्रह यांपैकी कोणाची बाजू घ्यावी, हे प्रत्येकाने आपापल्या मनाशी ठरवावे. मला एवढेच दिसते की, स्वतःच्या सरकारच्या प्रतिनिधीशी भांडण्यास हा मनुष्य कचरला नाही.

आता त्यांच्या आयुष्यातील दुसऱ्या, आणि माझ्या मते अधिक टिकाऊ, भागाकडे वळू.

नागपूर हे भूशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण ठिकाणी वसले आहे. शहराच्या पश्चिमेस काळ्या कातळाचे सपाट माथ्याचे डोंगर सुरू होतात, ते थेट सह्याद्री ओलांडून समुद्रापर्यंत जातात. पूर्वेस मात्र हा कातळ संपतो आणि त्याहून कितीतरी पुरातन खडक उघडे पडतात. हा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. डोंगरांना पायऱ्यांसारखी ठेवण असल्याने पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून युरोपियनांनी त्यास ट्रॅप हे नाव दिले. आज या दख्खनच्या कातळाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरांच्या वर भरते. नागपूरकडे येईतो तो पातळ होत जातो. लाव्हा शंकूसारख्या एकाच डोंगरातून उसळला नाही. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो वर आला आणि पुरासारखा पसरत गेला.

१८५१ च्या जून महिन्यात नागपूरच्या वायव्येस टाकळी येथील टेकाडावर फिरत असता हिस्लॉप आणि हंटर यांना खडकात अडकलेला गोगलगाईचा एक शंख आढळला. लाव्हाच्या मुलखात शंख कोठून आला? दोघांनी टेकाड पिंजून काढण्यास आरंभ केला. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये मातीचा एक पातळ थर दबलेला होता. त्या थरात गोड्या पाण्यातील शंखशिंपले, माशांचे खवले, कासवाचे अवशेष, फळे, बिया, लाकडाचे तुकडे, इतकेच काय, भुंग्यांच्या पाठीवरील टणक पंखांचे ठसेही मिळाले. म्हणजे ज्या ठिकाणी अग्निरसाचा पूर आला, त्याच ठिकाणी कधीकाळी शांत तळे होते. काठावर झाडे होती, पाण्यात मासे होते आणि पानांवर किडे बसत होते. एका पुरानंतर दुसरा पूर येण्यापूर्वी निसर्गाला पुन्हा घर मांडण्याइतका अवधी मिळाला होता.

शाळेची वेळ, धर्मोपदेश, जंगलातील दौरे हे सर्व सांभाळून हिस्लॉप यांनी पुढील वर्षांत नागपूर, चांदा आणि वर्ध्याचा परिसर धुंडाळला. सिलेवाडा येथील वालुकाश्मातून प्राचीन वनस्पतींचे ठसे मिळाले. मांगली येथील खडकात एका उभयचर प्राण्याची कवटी सापडली. ती लंडनला गेल्यावर प्रख्यात शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे वर्णन करून ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नामकरण केले. चांद्याकडील पिसदुरा येथे प्रचंड हाडे सापडली, ती डायनोसॉरची असल्याचे पुढे सिद्ध झाले. हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरील प्रबंध १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला; पाठोपाठ १८६० साली हिस्लॉप यांचा स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध झाला. तळ्यात आढळणाऱ्या एका सूक्ष्म प्राण्यास हिस्लॉपिया आणि हिरवट छटेच्या कॅल्साइट खनिजास हिस्लॉपाइट ही नावे त्यांच्या गौरवार्थ देण्यात आली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. हिस्लॉप यांची सगळी अनुमाने बरोबर ठरली नाहीत. तळ्याच्या गाळावरचा कातळ आधी पसरला आणि खालचा कातळ नंतर पोटातून वर घुसला, असे त्यांचे मत होते. १८६० च्या दशकात विल्यम ब्लॅनफर्ड यांनी दाखवून दिले की, कातळाचे थर एकावर एक क्रमाने पसरले आहेत आणि तळी त्यांच्या मधल्या विश्रांतीच्या काळातील आहेत. तसेच हे गाळाचे थर हिस्लॉप यांना वाटले त्यापेक्षा जुने निघाले. नागपूर भागातील हे थर डायनोसॉरांच्या युगाच्या अगदी शेवटच्या टप्प्यातील, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे मानले जातात. परंतु ज्या शंखांवरून आणि बियांवरून पुढच्यांनी हे सिद्ध केले, ते शंख आणि त्या बिया उचलण्याजोग्या आहेत हे ओळखणारे डोळे हिस्लॉप यांचे होते. पुढे विसाव्या शतकात बिरबल साहनी यांच्यासारख्या थोर भारतीय शास्त्रज्ञाने छिंदवाड्याकडील मोहगाव येथील अशाच थरांतील वनस्पतींचा अभ्यास केला, तो याच वाटेने जाऊन.

हा अग्निरस आला तरी कोठून, हे मात्र हिस्लॉप यांच्या हयातीत कोणालाही सांगता येण्यासारखे नव्हते. भूखंड सरकतात ही कल्पनाच तेव्हा जन्मली नव्हती. आज शास्त्रज्ञ त्याचा उगम हिंदी महासागरात दाखवितात. मादागास्करच्या पूर्वेस रेयुनियों नावाचे फ्रेंच बेट आहे. तेथील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी जगातील अत्यंत जागृत ज्वालामुखींपैकी एक असून त्याची उंची २,६३२ मीटर आहे. बेटाखाली, पृथ्वीच्या पोटात, एक तप्त स्थान आहे असे मानतात. ते जवळजवळ जागच्या जागी राहते. वरचे भूकवच मात्र सरकत असते. तव्याखाली चूल एकाच ठिकाणी पेटती ठेवून वरून पोळी हळूहळू ओढावी, म्हणजे डागांची एक ओळ उमटत जाईल, तसा हा प्रकार आहे.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्या चुलीवर आपला भारत होता. तेव्हा तो विषुववृत्ताच्या दक्षिणेस असून वर्षाला सुमारे पंधरा सेंटीमीटर इतक्या वेगाने उत्तरेकडे सरकत होता. चुलीचा पहिला आणि सर्वांत मोठा भडका म्हणजे आपला दख्खनचा कातळ. भारत पुढे निघून गेला आणि मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उमटत राहिली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही बेटे त्याच रांगेवर उभी आहेत. उष्ण समुद्रात अशी ज्वालामुखीची बेटे कालांतराने थंड होऊन खचतात. काठावरील प्रवाळ मात्र वर वर बांधकाम करीत राहतात. शेवटी डोंगर पाण्याखाली जातो आणि प्रवाळाचे कडे तेवढे शिल्लक उरते. ही उपपत्ती चार्ल्स डार्विन यांनी १८४२ साली मांडली, आणि ज्वालामुखीच्या बेटांवरील त्यांचा ग्रंथ १८४४ साली, म्हणजे हिस्लॉप मुंबईस उतरले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. रांगेच्या दक्षिण टोकाकडे मॉरिशस हे ८०-९० लाख वर्षांचे बेट लागते, आणि अखेर रेयुनियों, जे समुद्राबाहेर येऊन सुमारे वीस लाख वर्षेच झाली आहेत. उत्तरेकडून दक्षिणेकडे जावे तसतसे खडकाचे वय कमी होत जाते. या उपपत्तीच्या तपशिलाबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण तिचा मुख्य गाभा बहुतेकांना मान्य आहे.

नकाशा उघडून पाहिले म्हणजे एक मौज दिसते. रायपूर आणि नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेस एकवीस अंशांवर आहेत. रेयुनियों दक्षिणेस एकवीस अंशांवर आहे. जितक्या अंतरावर ती चूल आज पलीकडे जळते आहे, तितक्याच अंतरावर आपण अलीकडे बसलो आहोत. आणि १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून लोक जाऊ लागले, तेव्हा त्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसेही मुंबईहून जहाजात बसली. परमुलखात उतरल्यावर त्यांच्या पायांखाली आला तो कोकणातल्यासारखाच काळा कातळ. एकाच चुलीवर भाजलेले हे दोन दगड, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आज त्यांचे वंशज तेथे गणेशोत्सव साजरा करतात.

पुन्हा नागपूरकडे येऊ. हिस्लॉप यांच्या आयुष्यातील दोन प्रसंग सांगितल्यावाचून हे चरित्र प्रामाणिक होणार नाही. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. शहरात क्षोभ होता. त्या सुमारास जमावाने हिस्लॉप यांच्यावर हल्ला केला आणि ते गंभीर जखमी झाले. बरे झाल्यावर ते नागपूर सोडून गेले नाहीत. तीच शाळा आणि त्याच टेकड्या. पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले आणि नागपूरबरोबर छत्तीसगडही इंग्रजांकडे गेला.

दुसरा प्रसंग १८५७ चा. जून महिन्यात नागपूरच्या घोडदळात उठावाचा बेत शिजत होता. एका मुसलमान परिचिताने हिस्लॉप यांना त्याची सूचना दिली आणि त्यांनी ती अधिकाऱ्यांना कळविली. उठाव फसला, पुढाऱ्यांना सीताबर्डीच्या किल्ल्यावर फाशी देण्यात आले. त्याच वर्षी १० डिसेंबरला सोनाखानचे वीर नारायणसिंह यांना आपल्या रायपुरात देहदंड झाला. जयस्तंभ चौकातून जाताना ज्यांची मान आदराने लवते, त्यांना हिस्लॉप यांचे हे कृत्य रुचणार नाही, मलाही रुचत नाही. ते आपल्या लोकांच्या जिवासाठी वागले, हे समजते. परंतु ज्या भूमीने त्यांना पोसले, तिच्या स्वातंत्र्याच्या आड ते आले, हेही तितकेच खरे. हे सांगून टाकून मगच त्यांच्या गुणांकडे पाहावे. पुढे नागपूर प्रांतातील इंग्रजी कारभाराच्या दोषांवरही त्यांनी जाहीरपणे टीका केली, याचीही नोंद असावी.

दौऱ्यांत त्यांचा गोंड लोकांशी निकट संबंध आला. त्यांची भाषा, कुळे, देवदेवता आणि चालीरीती यांची टिपणे ते करीत गेले. लिंगो या गोंडांच्या आद्य पुरुषाची दीर्घ गीतकथा त्यांनी प्रधान गायकांच्या परंपरेतून उतरवून घेतली. गोंडांची ही मौखिक संपदा कागदावर आणणाऱ्या आद्य प्रयत्नांत या कामाची गणना होते. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि रायपूर त्यात आले. सर रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्त म्हणून आले, तेव्हा या प्रदेशाची खडान्खडा माहिती असलेला मनुष्य म्हणून ते हिस्लॉप यांचा सल्ला घेत.

सप्टेंबर १८६३ मध्ये टेंपल यांच्यासमवेत हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे गेले. तेथे काळ्या कातळाच्या धोंड्यांनी रचलेली प्राचीन दफनवर्तुळे आहेत; त्यांच्या उत्खननातून मातीची भांडी आणि लोखंडाच्या वस्तू निघाल्या. दिनांक ४ रोजी खोदकाम पाहून झाल्यावर मंडळी तळाकडे परतली. हिस्लॉप मात्र गावच्या शाळेची तपासणी करण्यासाठी मागे राहिले. संध्याकाळी एकटेच घोड्यावरून निघाले. पावसाने नाला फुगला होता. घोडा आला, स्वार आला नाही. शोध घेतला तेव्हा पाण्यात त्यांचा देह सापडला. सेहेचाळिसावे वर्ष पुरे होण्यास चार दिवस उरले होते. मागे पत्नी आणि मुले होती, आणि अपुऱ्या टिपणांचा ढीग.

टेंपल यांनी ती टिपणे एकत्र करून १८६६ साली मध्य प्रांतातील आदिवासींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. १८८३ साली नागपुरात महाविद्यालय निघाले, त्यास हिस्लॉप यांचे नाव देण्यात आले. ज्या धर्मप्रसारासाठी ते आले होते, त्यात त्यांना लाभलेले यश थोडकेच होते. उलट ज्या गोष्टी त्यांनी फावल्या वेळात, फिरता फिरता केल्या, त्याच मागे राहिल्या: मुलांची शाळा, गोंडांची गीते आणि टाकळीच्या टेकाडावरचा तो शंख.

परमुलखात राहणाऱ्या माणसाला या चरित्रातून काय घेता येईल, असा विचार मी पुष्कळदा करतो. हिस्लॉप यांच्यासारखेच आपणही कोणत्या तरी कामासाठी घर सोडून आलो. कोणी भोसल्यांच्या चाकरीत, कोणी रेल्वेत, कोणी माझ्यासारखा बदलीच्या हुकमाने. आपण आपली भाषा जपतो, मंडळ चालवितो, गणपती बसवितो. हे योग्यच आहे. पण ज्या भूमीवर आपण पन्नास-शंभर वर्षे राहिलो, तिचा दगड, तिचे झाड, तिच्या लोकांचे गाणे आपल्यापैकी किती जणांनी वाकून पाहिले? छत्तीसगडची चुनखडी आपल्या काळ्या कातळाहून कितीतरी जुनी आहे. सुमारे एक अब्ज वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात ती साचली. बूढा तालाबाच्या काठी आपण रोज तिच्यावरूनच चालतो.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत आपल्या मुलांनी एखादी सहल नागपूरच्या नाट्यगृहाऐवजी त्या टेकड्यांकडे न्यावी, आणि दुसरी इकडच्याच एखाद्या नदीकाठी. आणि घरातला तो पाटा-वरवंटा कोणी भंगारात देऊ नये. तो आजीच्या माहेरचा आहे, हे तर खरेच. पण त्याचे स्वतःचे माहेर हिंदी महासागरात, विषुववृत्तापलीकडे आहे, आणि तेथील चूल अजून विझलेली नाही.